सहकर्जदाराची सही

४ मार्च

दादास,

मावशीकडून तुझा पत्ता घेतला. ती फोन नंबरही देत होती, मी नको म्हटलं. चौदा वर्षांनी फोनवर पहिलं वाक्य काय बोलायचं ते मला सुचलं नसतं, आणि तू "कोण?" म्हणाला असतास तर मी फोन ठेवून दिला असता. पत्रात निदान तू मधे बोलू शकत नाहीस.

मी घर विकत घ्यायच्या खटपटीत आहे. आम्ही राहतो त्या जागेच्या मालकांचा मुलगा परत येतोय, त्यांना जागा हवी आहे. मे अखेरपर्यंतची मुदत दिली आहे. तशीही ही जागा आम्हाला पेलेनाशी झालीच होती. तिसरा मजला, बावन्न पायऱ्या, आणि बाबांच्या दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिल्याला दीड वर्ष झालं. नोव्हेंबरात त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा खाली काम करणाऱ्या दोन रंगाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून उतरवलं. बाबा पूर्ण वेळ डोळे मिटून बसले होते. त्यानंतर ते घराबाहेर पडलेले नाहीत. म्हणून या वेळी तळमजलाच घ्यायचा, असं मी ठरवलं. तळमजल्यांची भाडी ऐकली तेव्हा लक्षात आलं की त्यात थोडी भर घातली तर कर्जाचा हप्ताच होतो.

घर सापडलं आहे. इसार देऊन झाला आहे, ती माझी सगळी शिल्लक. तीस एप्रिलपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही तर इसार बुडतो. घोडं अडलंय ते बँकेत.

तिथे ज्या बाई आहेत त्या प्रत्येक कागदाला टाचणी लावतात. माझ्या फोटोलाही लावली, कपाळातून. मी त्यांना मनातल्या मनात टाचणीबाई म्हणते. त्यांनी विचारलं, "आधीचं एखादं कर्ज?"

"नाही."

"क्रेडिट कार्ड? फ्रिज, मोबाइल, काही हप्त्यावर घेतलेलं?"

"आमच्या घरात कधी कुणाचा एक पैसा उसना घेतलेला नाही," मी म्हटलं. जरा मान वर करूनच म्हटलं असणार.

"अरेरे," टाचणीबाई म्हणाल्या.

मग त्यांनी मला समजावलं. माझा क्रेडिट स्कोअर वाईट नाही. तो नाहीच. मी भाडं आजवर एकदाही उशिरा दिलेलं नाही, वीज बिल आलं त्याच दिवशी भरते, पण ते कुठे लिहून ठेवलं जात नाही. "बँकेच्या दृष्टीने तुम्ही अजून जन्मालाच आलेल्या नाही हो," असं त्या म्हणाल्या, तेही अगदी मायेने. त्यात आमच्या लॅबचे मालक अर्धा पगार खात्यात टाकतात आणि अर्धा हातात देतात. (मी दातांच्या लॅबमध्ये आहे, कवळ्या करते. तू गेलास तेव्हा मी ते शिकत होते.) हातातला पगार बँक धरत नाही. माझ्या एकटीच्या नावावर ते जेवढं देतात तेवढ्यात हे घर येत नाही. मात्र रक्ताच्या नात्यातला, आधी कर्ज घेऊन नीट फेडलेला असा कुणी सहकर्जदार असेल, तर सगळं जमतं.

आपल्या रक्ताच्या नात्यात कर्ज घेतलेला माणूस एकच आहे. मावशी म्हणते तू तो टेम्पो मुदतीच्या आधीच फेडलास, मग आणखी दोन घेतलेस आणि तेही फेडलेस. थोडक्यात, बँकेला विचारलं तर आपल्या घरातला सगळ्यात भरवशाचा माणूस तू.

हप्ता मी भरणार. तुला फक्त सही करायची आहे. मी भरला नाही तर ते तुझ्या दाराशी येतील, हे लपवत नाही. बाबा बरे आहेत.

उत्तर दिलंस तर बरं होईल. नाही म्हणायचं असेल तर तेही लवकर म्हण, म्हणजे मला दुसरीकडे हातपाय मारायला वेळ मिळेल.

तुझी बहीण

१९ मार्च

दादा,

तुझं उत्तर आलं. साडेचार ओळी. त्यातल्या साडेतीन कर्जाबद्दल आहेत, आणि त्या वाचून मी एकदम शहाणी झाले.

तू विचारलंस ते सगळं विचारून आले. बँकेचा दर बदलता आहे, वीस वर्षांची मुदत. आज हप्ता माझ्या एकूण पगाराच्या जवळजवळ निम्मा बसतो. तू लिहिलंस तसं मी विचारलं, दर दोन टक्क्यांनी वाढला तर? टाचणीबाईंनी यंत्रावर आकडे दाबले आणि ते यंत्र माझ्याकडे वळवलं. आधी फेडलं तर दंड नाही, हे मात्र त्यांनी हसून सांगितलं.

दुसरी एक कर्ज देणारी कंपनी आहे. काचेचं ऑफिस, गार हवा, गेल्या गेल्या कॉफी. तिथले गृहस्थ टाय लावतात आणि सारखा तो सरळ करतात. त्यांचा दर जास्त आहे, पण कायम एकच. "फिक्स म्हणजे फिक्स, मॅडम. वर्षं निघून जातील, हप्ता गेलेला तुम्हाला कळणारसुद्धा नाही." मला माझे पैसे गेलेले चांगले कळतात, पण मी कॉफी संपवली. महिन्याचा आकडा शेवटपर्यंत बदलणार नाही हे ऐकून मला खरोखरच हायसं वाटलं. त्यांचा चौतीस पानी मसुदा घरी घेऊन आले आहे. सहकर्जदार त्यांनाही हवाच आहे.

जानेवारीपासून मी हप्त्याची तालीम करतेय. पगार झाला की तेवढी रक्कम एका डब्यात टाकायची आणि उरलेल्यात महिना काढायचा. जानेवारी निघाला. फेब्रुवारीत बाबांचे डोळ्याचे थेंब आणि माझी चप्पल एकाच आठवड्यात संपली, तेव्हा डबा उघडावा लागला. मार्च अजून चालू आहे.

घराबद्दल तू काही विचारलं नाहीस, तरी सांगते. एका निवृत्त नर्सबाईंच्या मालकीची तळमजल्यावर दोन घरं आहेत, एकमेकांना लागून. मी इसार दिलाय ते पुढचं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पुढच्या खोलीला रस्त्यावर उघडणारी मोठी खिडकी. बाबा तिथे बसले तर त्यांना माणसं दिसतील. मागचं एक खोली आणि स्वयंपाकघराचं, त्याची खिडकी सायकली ठेवायच्या शेडवर उघडते. ते माझ्या एकटीच्या कर्जात बसलं असतं. मी ते पाहिलं आणि नको म्हटलं. तेहतीस वर्षांच्या बाईला झोपायला स्वतःची खोली हवी असं वाटणं ही काही चैन नाही, असं माझं मत आहे.

आता तुझी उरलेली एक ओळ. "बाबांना माहीत आहे का?"

नाही. मी त्यांना सांगितलंय की भाड्याची जागा बघतेय. त्यांनी घड्याळांचं दुकान बंद करून सहा वर्षं झाली, हात थरथरतो, पण घड्याळं दुरुस्त करायचं टेबल अजून खोलीत आहे आणि सकाळी नऊला ते त्याच्यासमोर बसतात. कुणाचं तरी बंद घड्याळ उघडतात, बघतात, परत मिटवतात. हप्ता हा शब्द त्यांच्यासमोर मी चौदा वर्षांत उच्चारलेला नाही. तुला कारण माहीत आहे.

सही करायची की नाही ते तूच ठरव. मी घाई करत नाही. म्हणजे करतेय, पण ती तारखेची आहे, माझी नाही.

९ एप्रिल

दादा,

फॉर्म मिळाला. तिन्ही ठिकाणी तुझी सही आहे. मी ती बराच वेळ बघत बसले. तुझं अक्षर अजिबात बदललेलं नाही, शेवटच्या अक्षराला तू अजून तसाच फाटा ओढतोस. मनापासून सांगते, मला रडू आलं. त्या वेळी मी लॅबमध्ये होते आणि समोर मेणात बसवलेले अठ्ठावीस दात होते, त्यामुळे ते तिथल्या तिथे आवरलं.

बाबांना कळलं. मी सांगितलं नाही, मसुदा त्यांच्या हाती लागला. संध्याकाळी घरी आले तर ते टेबलाशी बसलेले, डोळ्याला भिंग लावलेलं आणि समोर कंपनीचे कागद. म्हटलं, झालं, आता सगळी गल्ली गोळा होणार.

"बस," बाबा म्हणाले. "मी अजून अकराव्या पानावर आहे."

तीन दिवस ते वाचत होते. तुला ठाऊक आहे, गिऱ्हाईकाचं घड्याळ पूर्ण उघडून बघितल्याशिवाय ते बिघाड काय आहे हे सांगायचे नाहीत. मीही विचारलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि सव्विसाव्या पानावरच्या एका चिन्हावर बोट ठेवलं. तिथून खाली पानाच्या तळाशी नेलं. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की दर पहिली तीन वर्षं स्थिर राहील, आणि त्यानंतर कंपनीला योग्य वाटेल तसा ती बदलू शकेल. त्याच्याच शेजारी, मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती दंड, ते.

"तुला काय सांगितलं होतं?"

"फिक्स म्हणजे फिक्स."

"तीन वर्षांनी वेळ चुकवायला लागेल असं घड्याळ मी कुणाला विकलं असतं तर लोकांनी दुकान फोडलं असतं," बाबा म्हणाले. मग त्यांनी भिंग काढून डोळा चोळला. "बँकेचं घे. वाढलं तर वाढलं म्हणून तोंडावर तरी सांगतात."

मी म्हटलं, "तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावायला गुडघे लागतात," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी पण आयुष्यभर लोकांना उधारच देत आलो की. आठ दिवस घड्याळ वापरा, बरोबर चाललं तर पैसे आणून द्या, असं म्हणायचो. हे लोक वीस वर्षं थांबणार. थांबणारा माणूस समोरच्याची चौकशी करणारच."

हे वाक्य चौदा वर्षांपूर्वी बोलले असते तर किती बरं झालं असतं, असं तुला वाटेल. मलाही वाटलं.

तेव्हा कर्ज टाचणीबाईंकडचंच घ्यायचं, बदलत्या दराचं. ते आमच्या दोघांत ठरलं. मग मी तुझा फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तुझी सही पाहिली, भिंग न लावता. ते तुझ्याबद्दल काही बोलले. ते मी आत्ता लिहीत नाही.

फॉर्मसोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस की बाबांनी टपालाने आलेलं तुझं टेम्पोच्या कर्जाचं पाकीट फोडलं नसतं तर तू स्वतःच त्यांना सांगणार होतास, आणि कर्जावरून घराबाहेर काढलं याचं तुला तेवढं वाटत नाही जेवढं त्यांनी चोरून तुझं टपाल वाचलं याचं वाटतं. ते मी वाचलं. त्यावरही आज काही लिहीत नाही. फॉर्म सोमवारी बँकेत देईन.

१५ एप्रिल

दादा,

सोमवारी फॉर्म दिला नाही. मंगळवारीही नाही. तो लॅबमध्ये माझ्या खणात आहे, प्लास्टरच्या साच्यांखाली. आज लिहून टाकते, नाहीतर माझ्याकडून होणार नाही.

बाबांनी तुझं पाकीट फोडलं नाही. मी फोडलं.

तू टपालवाल्याला कोपऱ्यावरच गाठायचास, म्हणजे फायनान्सवाल्यांचं काही आलं तर ते घरी पोचू नये. त्या दिवशी तुला उशीर झाला आणि मी दारात होते. पाकीट जाड होतं. आत टेम्पोच्या कर्जाचे अठ्ठेचाळीस हप्ते छापलेला कागद होता, आणि वर शाखेचा पत्ता. तो या गावचा नव्हता. तू आता राहतोस त्या गावचा होता. तेव्हा मला कळलं की तू टेम्पो घेऊन निघून जाणार आहेस. मला तू काही बोलला नव्हतास. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, बाबा दिवसभरात चार वाक्यं बोलायचे, आणि तू मला त्यांच्याजवळ ठेवून एकटा निघाला होतास.

मी तो कागद बाबांच्या टेबलावर ठेवला, बरोबर भिंगाखाली, सकाळी बसल्या बसल्या दिसेल असा. मला वाटलं, बाबा तुला अडवतील. ओरडतील, दोन दिवस अबोला धरतील, आणि तू राहशील. मला तू घरी हवा होतास, दादा. त्यांनी तुला दाराबाहेर काढलं आणि तुझी पेटी जिन्यात ठेवली. माझा अंदाज इतका चुकला की त्यानंतर मी तोंडच उघडलं नाही.

आता बाबा त्या दिवशी काय म्हणाले ते सांगते. तुझ्या सहीकडे बघून ते म्हणाले, "कर्ज काढलं म्हणून मी त्याला हाकललं नाही. तोंडाने सांगायची हिंमत नाही आणि कागद माझ्या भिंगाखाली ठेवून जातो. मला डिवचायला. त्याने माझी थट्टा केली."

इतकी वर्षं ते हेच धरून बसलेत की तो कागद तूच तिथे ठेवलास. आणि तू हे धरून बसलास की त्यांनी तुझं टपाल चोरून वाचलं. भांडणात बाबा ओरडले होते, "ही हिंमत झाली तुझी?" आणि तू ओरडला होतास, "दुसऱ्याचं पाकीट उघडायची लाज नाही वाटली?" तुम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टींवरून भांडत होतात. मी ताटं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मला दोन्ही गोष्टी माहीत होत्या. एक वाक्य बोलले असते तर भांडण तिथेच संपलं असतं, निदान त्याचा रोख माझ्याकडे वळला असता. मी ताटं आत नेऊन ठेवली.

तेव्हा एकोणीस वर्षांची होते, हे खरं आहे. पण विसाव्या वर्षीही बोलले नाही आणि तिसाव्याही नाही. मावशीकडे तुझा पत्ता कायम होता. मला गरज पडली तेव्हाच मी तो मागितला. मला माझी लाज वाटते.

तू सही केलीस ती बाबांना चोर समजून आणि मला बिचारी समजून. हे माहीत असताना ती सही मी बँकेत देऊ शकत नाही. तुला सही परत घ्यायची असेल तर तसं कळव, मी फॉर्म परत पाठवते. पंचवीस तारखेपर्यंत वाट बघेन. इसार, घर, सगळं मला कळतंय. तरी वाट बघेन.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायला हवं होतं.

२८ एप्रिल

दादा,

तुझी ओळ मिळाली. "फॉर्म वापर. पुन्हा लिहू नकोस."

तू नको म्हणालास तरी हे एक पत्र लिहितेय. नको असेल तर वाचू नकोस, पण पाकिटात तुझा फॉर्म आहे, तो तेवढा काढून घे. तिन्ही सह्यांवर मी रेघ मारून "रद्द" लिहिलं आहे, म्हणजे कुणाच्या हाती पडला तरी तुझं नुकसान नाही.

मी नर्सबाईंकडे गेले आणि मागचं घर अजून आहे का विचारलं. होतं. सायकलींकडे बघत राहायला कुणी तयार होत नाही म्हणे. त्यांनी इसार इकडून तिकडे लावून दिला आणि वर म्हणाल्या, "तरी मी तेव्हाच सांगत होते." त्यांनी तेव्हा असं काही सांगितलं नव्हतं, पण मी मान डोलावली. टाचणीबाईंनी माझ्या एकटीच्या नावाने अर्ज केला. काल मंजूर झाला. दर अर्ध्या टक्क्याने जास्त, कारण माझी नोंद नाही. हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी. दोन टक्के वाढले तर काय होईल तेही बघितलं. चप्पल आणि डोळ्याचे थेंब एकाच आठवड्यात संपले तरी निभेल. लॅबच्या मालकांनी पूर्ण पगार खात्यात टाकायचं कबूल केलं आहे, तोंड वाकडं करून. खोली बाबांची, स्वयंपाकघरात रात्रीपुरतं माझं अंथरूण. मी माप घेऊन आले, ओट्याखाली डोकं जात नाही, पाय जातात.

तू वापर म्हणालास तरी मी फॉर्म का वापरला नाही, ते सांगायला हवं. ती ओळ तू मोठ्या मनाने लिहिलीस की रागाने, मला कळलं नाही. वीस वर्षं बँकेच्या प्रत्येक कागदावर आपली दोघांची नावं शेजारी शेजारी छापून आली असती. तू कधी आलास, बोललास, नुसतं खुशाली विचारलीस, तरी मला वाटत राहिलं असतं की हप्त्याची काळजी म्हणून विचारतोय. तुला वाटलं असतं की मी गोड बोलते ती सहीसाठी. पुढची मोठी खिडकी मला फार आवडली होती. पण इतकी नाही.

बाबांना सांगितलं. सोळा तारखेला, सकाळी, टेबलाशी. ते ऐकून घेत होते आणि हातातलं घड्याळ खाली ठेवत नव्हते. शेवटी एवढंच म्हणाले, "म्हणजे पाकिटाचं तो खोटं बोलत नव्हता." मग दोन दिवस बोलले नाहीत. मी ताट ठेवायचे, ते जेवायचे. मला वाटलं आता माझीही पेटी जिन्यात जाणार. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तेव्हा तुझं वय काय होतं?"

"एकोणीस."

"मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो," बाबा म्हणाले. "मला त्याला विचारता आलं असतं की हे तू ठेवलंस का. एवढंच विचारायचं होतं. विचारलं नाही."

काल त्यांना मागचं घर दाखवायला नेलं. पुन्हा ते रंगारी बोलावले, पुन्हा खुर्ची, या वेळी डोळे उघडे होते. नर्सबाईंच्या फाटकापासून ते काठी टेकत स्वतः चालत आले. खोलीत फिरले, भिंतीवर टिचक्या मारून बघितल्या, खिडकीत उजेड नाही म्हणून कुरकुरले. मग दार उघडून बाहेर गेले, आत आले, परत बाहेर गेले. मी विचारलं काय बघताय. म्हणाले, "काही नाही. जाता येतंय का बघतोय." आणि सायकलींच्या शेडपर्यंत एकटे जाऊन आले.

माझ्यावर तू राग धर. तो खरा आहे आणि मला कमी करायचा नाही. बाबांवरचा अर्धा सोड, तो त्यांचा नव्हता. उरलेला अर्धा त्यांचा आहे, असं ते स्वतःच म्हणतात.

आम्ही दहा मेला तिकडे राहायला जातो. नवा पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे. कर्ज माझं आहे, घर माझ्या नावावर आहे, सही माझी एकटीची आहे. दादा, आता माझं तुझ्याकडे काहीसुद्धा काम नाही. म्हणून सांगते, ये.